कौसाबाईची बॅटरी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुणी कारण नसताना गोड बोललं की माझा हात आपोआप खिशावर जातो. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळे अक्षता टाकत होते आणि मी भटजींनी एक मंगलाष्टक गाळलं की काय याचा विचार करत होतो, असं बायको अजून चारचौघांत सांगते. हा स्वभाव थोडा जन्माचा, उरलेला तिकीटखिडकीने दिला.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला मी बेलापूरहून राहुरीला आलो आणि तिथल्या एका टॉकीजमध्ये बुकिंग क्लार्क म्हणून चिकटलो. दुष्काळ सरेपर्यंत तिथेच होतो. वीतभर खिडकी आणि तिच्यातून आत येणारे हात. चेहरा दिसायचाच नाही. हातांवरून माणूस ओळखण्यात आपण तरबेज झालो आहोत अशी माझी समजूत होती. ती कौसाबाईने पहिल्याच महिन्यात मोडीत काढली.

कौसाबाई म्हणजे लेडीजची डोअरकीपर. आमच्या टॉकीजमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी होती. डाव्या अंगाला, छातीएवढ्या फळ्यांच्या आडोशामागे, बाकांच्या दहा रांगा. त्यांना वेगळं दार आणि त्या दारावर ही. अंगाने काटक, वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे. नेसायला हिरवं नाहीतर जांभळं लुगडं आणि त्यावर टॉकीजच्या मालकांनी, म्हणजे शेठनी, दिलेला पुरुषी खाकी कोट. कोट तिला गुडघ्यापर्यंत यायचा. कमरेला सुतळीने बांधलेली तीन सेलची बॅटरी. कपाळाला कुंकू होतं, पण बोटाचं टोक टेकवून लगेच उचललं असावं, एवढंच. ते बघूनच मला पहिला संशय आला की या बाईचं काहीतरी अर्धवट राहिलेलं आहे.

मी कामाला लागलो त्याच आठवड्यात शेठनी नोकरांचं रजिस्टर नव्याने लिहायला सांगितलं. कौसाबाईचं नाव झालं, गाव झालं, वय तिने अंदाजाने सांगितलं. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

ती दुसरीकडे बघायला लागली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत मला ठाऊक होती. आमच्या आईनेही जन्मभर घेतलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी ती मला पुढे करायची. म्हणून मी थांबलो. कौसाबाई ज्याच्या घरी राहायची तो तिचा भाऊ किसन भाकरी घेऊन आला होता. त्याने खालच्या आवाजात सांगितलं, "नामदेव."

मी लिहिलं. "काय करतात?"

यावर किसनही दुसरीकडे बघायला लागला. शेवटी तीच म्हणाली, "लिवा, भायेर गेल्यात."

मी 'बाहेर गेले आहेत' असं लिहिलं. कुठे आणि कधीपासून, असे रकाने रजिस्टरात नव्हते.

शेठना तिचा संशय होता. ती ओळखीच्या बायकांना फुकट आत सोडते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "नजर ठेव," ते मला म्हणाले. मला हे काम फारच आवडलं, हे कबूल करतो. खेळ सुरू झाला की खिडकी लावून मी लेडीजच्या दारातल्या जाड पडद्याआड उभा राहायचो. आठ दिवसांत मला एवढंच कळलं की ही बाई पिक्चर बघतच नाही. पडद्याकडे पाठ करून ती रांगांच्या कडेने चालायची आणि ऐन प्रसंग आला की बॅटरी खाली जमिनीवर मारायची. क्षणभरच. मग पुढची रांग. माझी खात्री पटली. बायकांची पडलेली कानातली कुडकं, पोरींचे वाळे, असलं काहीबाही ही शोधते. नवव्या दिवशी इंटरवलमध्ये मी तिला गाठलं.

"कौसाबाई, खाली काय शोधता?"

"पाय," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"समद्यांचे. आन् मास्तर, तुमी त्या पडद्यामागं हुबं ऱ्हाता ना, तवा तुमच्या वहाना भायेर दिसत्यात. आट दिस झालं."

माझ्या कानावर पेन्सिल असायची म्हणून ती मला मास्तर म्हणायची. त्या दिवसानंतर मी पडद्यामागे लपणं सोडलं आणि उघड तिच्या शेजारी उभा राहायला लागलो. शेठना वाटलं, पोरगं मन लावून पाळत ठेवतंय.

तिचं म्हणणं असं की चेहऱ्यावर जाऊ नये. "बाई मानूस शेजारनीला दाखवाया बी रडतंय. कुनी हासलं म्हनून हासतंय. पन खरं भ्या वाटलं की पाय खाली ऱ्हात न्हाईत, बाकावर येत्यात. ह्ये कुनी शिकवल्यालं नस्तं." म्हणून ती पाय बघायची. एखाद्या प्रसंगाला किती रांगांतल्या बायकांनी पाय वर घेतले, हे तिचं माप होतं. 'आज दोन रांगा उचलल्या', 'कालच्यानं येक बी उचलली न्हाई', अशी तिची भाषा. पहिल्या खेळाला ती सांगायची की हा पिक्चर किती दिवस चालेल, आणि तो तितकेच दिवस चालायचा. वर मशीनवर बसणारा ऑपरेटर तिचा आकडा ऐकूनच पुढचं वेळापत्रक लावायचा. शेठ कधी तिला विचारत नसत, पण ती सांगायला लागली की जवळच काहीतरी काम काढत.

पायांवर तिचा एवढा भरवसा की चेहरा ती शेवटी बघायची. एकदा हॉस्टेलवरच्या पोरांनी पैज लावली आणि त्यातला एक साडी नेसून, पदर पुढे ओढून लेडीजमध्ये बसायला आला. माझ्या खिडकीत बांगड्या भरलेला हात आला, मी तिकीट दिलं. दारात कौसाबाईने बॅटरी खाली मारली.

"जोडवी कुटं हायती, बाई?"

"घरी राहिली," बारीक आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या. घोट्यावर मोज्याचा वळ कशाचा उटलाय?"

तिने आरडाओरडा केला नाही, शेठनाही सांगितलं नाही. त्याला पुरुषांच्या बाजूला नेऊन मधल्या रांगेत बसवलं आणि साडी नेसून अख्खा खेळ बघायला लावला. त्यानंतर ते पोरगं कधी आलंच तर तिला 'मावशी' म्हणायचं.

पहिल्या उन्हाळ्यात शेठनी एक भुताचा पिक्चर आणला. त्यांचा उत्साह काय सांगावा! दारात लाल डोळ्यांचा दोन पुरुष उंचीचा भोपळतोंड्या राक्षस रंगवून घेतला, चौकटीला लिंबू-मिरच्या टांगल्या, 'कमजोर हृदयाच्या प्रेक्षकांनी आपल्या जबाबदारीवर यावे' असा बोर्ड लावला. लॉबीत एक रिकामी खुर्ची ठेवून तिच्यावर 'डॉक्टरसाठी राखीव' अशी चिठ्ठी चिकटवली. पिक्चरमध्ये हवेली होती, मेणबत्ती होती, पांढऱ्या साडीतली बाई होती आणि शेवटी मांस नसलेला एक चेहरा एकदम समोर यायचा. तो आला तेव्हा लेडीजमध्ये अशी किंकाळी उठली की मीही दचकलो. मी विजयी मुद्रेने कौसाबाईकडे पाहिलं. तिने बॅटरी फिरवली. दहाच्या दहा रांगांत पाय जमिनीवर होते.

"वरडल्या नुस्त्या," ती म्हणाली. "चार दिस."

पाचव्या दिवशी पिक्चरच्या पेट्या परत गेल्या. राखीव खुर्चीवर शेठ स्वतःच बसले होते.

मी तिला विचारलं, एवढं भयंकर तोंड, तरी का नाही कुणी भ्यालं? तिने सांगितलं, "त्यांनी दावलं ना. दावलं की सपलं. दात कसं, डोळं कसं, समदं ठावं झालं. ठावं झाल्यावर कशाचं भ्यायचं? दार लावल्यालं हाय तवर खरं."

"मग दार उघडल्यावर काय दाखवायला पाहिजे?"

"वळकीचं मानूस," ती म्हणाली आणि घंटा झाली म्हणून आत गेली.

तेव्हा मला हे उगाच कोड्यात बोलणं वाटलं. पुढे पावसाळ्यात एक साधा घरगुती पिक्चर आला. बोर्डावर आई, मुलगा आणि देवघर. त्यात बऱ्याच वर्षांनी मुलगा घरी येतो. आई पाट मांडते, वाढते. तो जेवतो, हसतो, गावच्या गोष्टी विचारतो. लहानपणापासून ज्याने कांद्याला कधी हात लावला नाही तो ताटातला कांदा उचलतो आणि सहज खातो. बस्स, एवढंच. आईचा वाढणारा हात थांबतो. संगीत नाही, काही नाही. मला वाटलं मशीन अडकलं. कौसाबाईने बॅटरी मारली. सात रांगा उचललेल्या होत्या. बायका पाय बाकावर घेऊन, पोरं पोटाशी धरून बसल्या होत्या आणि कुणीही ओरडत नव्हतं.

मी काही म्हणणार तोच शेजारची बॅटरी विझली. कौसाबाई दार ढकलून बाहेर गेली होती. मागोमाग गेलो तर ती पायऱ्यांवर उघडिपीच्या ऐन उन्हात उभी.

तो पिक्चर अकरा दिवस चालला. अकराही दिवस त्या ताटाच्या प्रसंगाला सात रांगांवर बॅटरी फिरवून ती बाहेर पायऱ्यांवर यायची. पुढे तो मुलगा तोतया निघतो, पोलीस येतात, हे सगळं तिने मला विचारून घेतलं, स्वतः एकदाही पाहिलं नाही. तरी कुणी विचारलं की तुझा आवडता पिक्चर कोणता, तर ती त्याचंच नाव सांगायची. माझ्यासारख्याला एवढं पुरे होतं. मी तिच्या मागेच लागलो, आणि एक दिवस पायऱ्यांवर ती बोलली.

लग्न नवं असताना पाथर्डीकडच्या तिच्या सासरच्या गावात जत्रेला तंबूतला सिनेमा आला होता. मध्ये दोर बांधलेला, अलीकडे बाया, पलीकडे गडी. ती दोराला लागून बसलेली आणि नवराही योगायोगाने दोराला लागून. पडद्यावर हाडांचा सापळा नाचायला लागला. "ह्ये सोबत्यांसंगं मोठ्यांदा हासत हुते. मी भ्याले, मान खाली घातली. तर बगते काय, उजव्या पायाचा आंगठा डाव्या टाचंखाली घट दाबून धरल्याला. कुनी न्हेईल म्हनून धरत्यात तसा. तोंड हासतंय आन् पाय थरथरतोय." ती सांगताना हसली. मी तिला तसं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. "मला लई बरं वाटलं, मास्तर. म्हनलं, ह्या मानसाला खोटं बोलता येत न्हाई. तवापासून मी पायच बगती."

"मग ते गेले कुठे?"

"भायेर गेल्यात," ती म्हणाली आणि कोट झटकून आत गेली.

तो माणूस आला दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. विहिरींचे तळ दिसत होते आणि लोक दुपारच्या खेळाला निम्मे सावलीसाठीच येत. तीनच्या खेळाआधी खिडकीत एक रापलेला हात आला आणि कुणीतरी विचारलं, "लेडीजवाली कौसा कुटं हाय?" मी बाहेर आलो. तो तिचा धाकटा दीर महादू होता. त्याच्यामागे टेरीलिनचा शर्ट घातलेला, भांग पाडलेला चाळिशीचा माणूस. महादू म्हणाला, "आमचा थोरला हाय. नामा. अकरा वर्सांनी गावला."

कौसाबाई दारातून आली. तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पायांत बूट होते, काळे, लेसवाले. मग तिने चेहऱ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. तो म्हणाला, "वळकलं न्हाई व्हय?"

तो आणि महादू किसनच्या घरी उतरले. दोन दिवसांत सगळ्यांची खात्री पटली. त्याला जुन्या बैलांची नावं ठाऊक होती, लग्नात कुणी काय आहेर केला तो ठाऊक होता, विहिरीवर पडून महादूचा दात कसा तुटला ते ठाऊक होतं. ठरलंही सगळं. कौसाने गावी परत यायचं, पाऊस झाला तर शेत करायचं, नाहीतर दिवाळीनंतर दोघांनी ऊसतोडीच्या टोळीत जायचं. महादू मला म्हणाला, "टाकीजातलं काम आता बंद, मास्तर. नवरा नव्हता तवर ठीक हुतं."

मला मात्र तो माणूस पहिल्यापासून पटला नव्हता. किसनला त्याने सांगितलं की तो सुरतेला गिरणीत होता. महादूला सांगितलं, मुंबईला गोदीत. माझ्या खिडकीत त्याचे हात आले, तर ते ना गिरणीतले ना गोदीतले, चांगले मऊ. मी कौसाबाईला सरळ सांगितलं, "हा भामटा आहे. त्या पिक्चरमधल्यासारखा."

"तुमाला वाटतं तसं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात इतकी आशा होती की मीच चमकलो. "तसं झालं तर लई बरं हुईल, मास्तर."

मला वाटलं, हिला कोट आणि बॅटरी सोडवत नाही. आणि का सोडावी? त्या दारावर ती कुणाची सून नव्हती, कुणाची टाकलेली नव्हती. शेठसुद्धा तिच्या आकड्याची वाट बघत.

"समदं ठावं हाय त्याला," ती स्वतःशीच म्हणाली. "येक सोडून."

"काय?"

तिने कमरेची सुतळी आवळली. मग म्हणाली, "सोमवारी पौरानिक लागतंय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पौराणिक पिक्चर लागला की आमच्याकडे लोक देवळात शिरावं तसे टॉकीजमध्ये शिरत. वहाणा बाहेर काढून. दारात चपलांचा ढीग लागायचा आणि त्यावर लक्ष ठेवणं हे डोअरकीपरचं काम असायचं. बूट घालून पौराणिकाला बसायची राहुरीत कुणाची छाती नव्हती. कौसाबाईने दिराला निरोप दिला की सोमवारचा तीनचा खेळ दोघांनी बघावा, त्यानंतर ती काय ते सांगेल. महादूला वाटलं, वहिनीला आपली जागा मिरवायची आहे. त्याने हसत होकार दिला.

सोमवारी दोघे आले. तो माणूस दारात घुटमळला. पण पुढचे-मागचे सगळे अनवाणी. त्याने पायरीवर बसून लेस सोडल्या, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले. कौसाबाईने पुरुषांच्या दारावरच्या गड्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने दोघांना फळ्यांच्या आडोशाला लागून बसवलं. तिथली खालची एक फळी निखळलेली होती. पलीकडून ती ते पाय बघू शकत होती आणि तिच्या शेजारी उभा राहून मीही.

पिक्चर यथातथाच होता. त्यात एक राक्षस रूप पालटून एका सतीच्या दारात पाहुणा म्हणून येतो. रूप कुणाचं घेतलं आहे हे आपल्याला लगेच दाखवत नाहीत. नुसतं दार, बाहेरून थाप आणि आतून येणारी ती बाई. थाप पडली तसा हॉल गप्प झाला. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी मोठ्याने हसलं. हसणारा तोच होता, मी आवाज ओळखला.

कौसाबाईने वाकून फळीच्या फटीतून बॅटरी मारली.

त्याची डावी टाच हळूच उचलली गेली आणि उजव्या अंगठ्यावर येऊन बसली. अंगठा तिच्याखाली दाबला गेला. पाय थरथरत होता.

एरवी ती बॅटरी क्षणभर मारायची. त्या दिवशी उजेड तिथेच राहिला. पडद्यावर दार उघडलं, राक्षस दिसला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, टाच पुन्हा जमिनीवर आली, तरी उजेड तिथेच होता. मग तो गेला. अंधारात मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हटलं, चला, माझा संशय खोटा ठरला. हा तिचाच माणूस आहे.

खेळ सुटला. उतरत्या उन्हात पायऱ्यांवर चपलांची शोधाशोध चालली होती. तो माणूस खाली बसून बुटाच्या लेस बांधत होता. महादू उभा होता, किसनही येऊन थांबला होता. कौसाबाई दारातून बाहेर आली. कोटाची बटणं लावलेली, पदर डोक्यावर नाही.

"नामदेव," ती म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. चपला हातात घेतलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. किसनने तोंडावर हात नेला. महादूचा चेहरा पांढराफटक पडला. कुणीही काही समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या तोंडाने अकरा वर्षं, नवरा जवळ नसताना, ते नाव घेतलं नव्हतं त्या तोंडाने ती ते हाक मारल्यासारखं घेत होती. तो तिचा कुणी नाही, हे याहून स्पष्ट सांगता येत नाही.

"नामदेव, तुमी आता जावा," ती म्हणाली. "माजं मानूस तुमी न्हाई."

तो लेस बांधायचा थांबला. तिच्याकडे बघून "कौसे" एवढंच म्हणाला. पुन्हा खाली बघून त्याने दुसऱ्या बुटाची गाठ मारली. ती मारायला त्याला फार वेळ लागला.

महादू माझ्यावर घसरला. "मास्तर, तुमी हुता तिच्या बाजूला. काय बगितलं हिनं? खरं सांगा!"

आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं शोधत आलेला मी. मी म्हटलं, "अंधार होता. मला काही दिसलं नाही."

ते दोघे संध्याकाळच्या नगरच्या गाडीने गेले. किसन बहिणीशी महिनाभर बोलला नाही. मी तिला त्याच दिवशी विचारलं. मला राहवेना. "कौसाबाई, अंगठा मी पाहिला. तोच होता."

"त्योच हाय," ती म्हणाली.

पायऱ्यांवर बसली ती. मी तिला बसलेली पहिल्यांदाच पाहत होतो. "आमाला पोर हुतं, मास्तर. दीड वर्साचं. ताप हुता त्याला. औशीद आनाया पाथर्डीला गेल्ते ह्ये. संध्याकाळपातूर येतो म्हनले. पोर तिसऱ्या दिशी गेलं." ती बॅटरीचं बटण उगाच मागे-पुढे करत होती. उन्हात उजेड दिसत नव्हता. "आट दिस भावाच्या घरी जेवला. बैलांची नावं सांगितली. आहेर सांगितला. पोराचं येकदा बी इचारलं न्हाई. म्हनून मी म्हनत हुते, भामटा असंल. भामट्याला पोराचं कुटनं ठावं आसनार? भामटा असता तर मी भ्याले नस्ते."

अंगावर काटा आला होता, हे सांगायला मला लाज नाही. त्यानंतर मी पुष्कळ भुताचे पिक्चर पाहिले, मुलांना घेऊन पाहिले, पण पुन्हा तसा काटा आला नाही. कोणत्याही राक्षसाची मला एवढी भीती वाटली नाही, जेवढी लेस बांधणाऱ्या त्या पाठमोऱ्या माणसाची आठवण झाली की वाटते.

शेठनाही मी कळवलं की तिच्याबद्दल काही आढळलं नाही. तेही खोटंच होतं. ती बायका फुकट सोडायची. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या, पाय फाटलेल्या बायकांना शेवटच्या रांगेत पाय लांब करून बसू द्यायची. त्या पिक्चर बघत नसत, झोपत. दुष्काळ सरला आणि मला नगरला नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "वहाना बदला आता, मास्तर." बाकी काही नाही.

तिला शेवटचं पाहिलं ते दोनेक वर्षांनी, नगरच्या सरकारी दवाखान्यात. मी खोकल्याच्या औषधासाठी केसपेपरच्या रांगेत होतो. माझ्यापुढे एक बाई होती. कोट नव्हता म्हणून मी ओळखलं नाही. खिडकीतल्या क्लार्कने नाव विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाला, "नवऱ्याचं नाव?"

बाई दुसरीकडे बघायला लागली. तेव्हा मी ओळखलं.

"बाई, नाव सांगा. मागं रांग आहे." त्याने पेन टेकवून वर पाहिलं. "वारलेत का? टाकलंय का तुम्हाला?" तिने नकारार्थी मान हलवली. रांग कुरकुरायला लागली. ज्या नावाने तिने एका माणसाला सगळ्यांदेखत पायऱ्यांवरून उतरवलं होतं, ते नाव तिथे तिच्या ओठांवर येईना.

"नामदेव," मी मागून म्हटलं.

तिने वळून पाहिलं नाही. हात वर गेला आणि पदर कपाळापर्यंत पुढे आला.

"बरोबर का?" क्लार्कने विचारलं. तिने मान हलवली, होय म्हणून.

कागद घेऊन ती वळली. आधी माझ्या वहाणांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कुंकू तेवढंच होतं, बोटाच्या टोकाएवढं.

"तुमी घेतलं ते बरं केलं, मास्तर," ती म्हणाली. "माज्यानं न्हाई घेववत."

आणि पदर सावरत ती औषधाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.